प्रेमराज नानांचा बारावा सुरुंग

प्रेमराज नानांनी जमिनीत काहीही घातलं, की आमचं गाव कानांवर हात ठेवतं. मग ती परसातली लसणाची पाकळी का असेना. याला इलाज नाही. माणसाने तीस वर्षं खदानीत कातळाला भोकं पाडून त्यात दारू भरली, वात पेटवली आणि ‘पळा’ म्हणून ओरडला, तर त्याचा लसूण तरी गावाने निर्धास्तपणे कसा उगवू द्यावा?

आमचं गाव बोरटेक. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना हायवे सोडून उजवीकडे वळायचं. गावाला लागून एक टेकडी होती, अंजनटेक. होती म्हणतो, कारण आता तिथे खड्डा आहे. टेकडी कुठे गेली म्हणाल, तर तुम्ही तिच्यावरूनच आलात. हायवेखाली आडवी झोपली आहे. आमच्या नानांनी तिला झोपवलं. ठेकेदार होता, क्रशर होतं, डंपर होते, पण टेकडीला रोज दुपारी एक वाजता प्रत्यक्ष थोबाडीत मारणारा हात नानांचा.

या धंद्याने नानांना दोन गोष्टी दिल्या. डावा कान बहिरा केला आणि स्वभाव संशयी केला. त्यातला कान कधीमधी ऐकतो, स्वभाव मात्र कोणाचंच ऐकत नाही.

संशयी म्हणजे किती? तर सुरुंगवाल्याचा एक नियम असतो. जितके भरले तितके वाजले पाहिजेत. बारा भरले तर एका बाजूला उभं राहून बोटांवर बारा मोजायचे. अकराच वाजले तर एक आत जिवंत बसलेला आहे असं समजायचं. मग तासभर कोणी जागचं हलायचं नाही. त्या जागी लाल फडकं लावायचं आणि त्या भोकात पुन्हा पहार घालायची नाही. हा नियम नानांनी खदानीपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो सगळ्या दुनियेला लावला. एसटीत चढले की कंडक्टरने किती तिकिटं फाडली आणि किती माणसं उतरली याचा मेळ घालत बसतात. मेळ बसला नाही तर सीटखाली वाकून बघतात. लग्नात पंगतीला बसले की वाढप्याकडे असं बघतात, की तो बिचारा उगाच दोन पुऱ्या जास्त टाकून जातो. यावलला त्यांची मुलगी दिली आहे. व्याही जीवराम केळीवाले. पहिल्याच भेटीत त्यांनी कौतुकाने बाग दाखवली, तर नाना एका घडासमोर उभे राहून फण्या मोजायला लागले. जीवरामभाऊंना वाटलं, व्याही आपली ऐपत तपासताहेत. नाना फक्त सवयीने मोजत होते. तो गैरसमज मिटायला दोन दिवाळ्या गेल्या.

पण एक मान्य करावं लागेल. तीस वर्षांत त्या खदानीत एक माणूस दगावला नाही, एकाचं बोट गेलं नाही. नानांचा आकडा म्हणजे आकडा. ‘अकरा’ म्हणाले की ठेकेदारसुद्धा जीपमधून खाली पाय ठेवायचा नाही. ग्रामपंचायतीच्या कागदावर विश्वास न ठेवणारे लोक नानांच्या बोटांवर ठेवायचे.

म्हणूनच शेवटच्या दिवसाचा आकडा गावाने घट्ट धरून ठेवला. २०१३ सालची गोष्ट. खदानीचा परवाना तीन दिवसांनी संपणार होता. उत्तरेच्या कोपऱ्यात नानांनी बारा सुरुंग भरले. वर काठावर टेकडीचा शेवटचा जुना अंजनवृक्ष उभा होता. उद्या तो काठही उडवायचा, असं ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं. दुपारी एक वाजता धडाधड आवाज झाले. धूळ बसली. नाना बोटांकडे बघत उभे राहिले.

“किती?” ठेकेदाराने विचारलं.

“अकरा.”

झालं. तासभर सगळे गुपचूप बसले. मग नानांनी कोपऱ्यात खाली एक आणि वर अंजनापाशी एक अशी दोन लाल फडकी लावली. ज्या कोपऱ्यात जिवंत सुरुंग आहे तिथे पुन्हा होल मारायला कोण धजणार? ठेकेदाराने चार शिव्या दिल्या, दोन दिवस वाट पाहिली आणि क्रशर उचलून दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या टेकडीकडे गेला. मागे राहिला तो खड्डा आणि त्याच्या कोपऱ्यात एक न वाजलेला सुरुंग.

पुढची अकरा वर्षं गाव त्या सुरुंगासोबत राहिलं. आया पोरांना भुताची भीती घालायच्या बंद झाल्या, सुरुंगाची घालायला लागल्या. रुपचंदभाऊ सरपंच झाले तेव्हा ते पत्र्याची एक पाटी लावायला निघाले होते. पाटी कोणी ठोकायची यावर ग्रामसभेत दोन तास चर्चा झाली आणि शेवटी पाटी पंचायतीच्या भिंतीला टेकवून ठेवली. अजून तिथेच आहे. ‘पुढे धोका आहे’ असं तिच्यावर लिहिलंय आणि बाण सरपंचांच्या केबिनकडे आहे.

त्या कोपऱ्यात जाणारा माणूस एकच, प्रेमराज नाना. सुरुंग नेमका कुठे आहे ते त्यांनाच माहीत, म्हणून पाय कुठे ठेवायचा नाही तेही त्यांनाच माहीत, असा गावाचा हिशेब होता. पण नाना आत जाऊन करतात काय? इथून गावाचा संशय सुरू झाला. नानांचा संशय गावावर आणि गावाचा नानांवर, अशी ही दुहेरी वाहतूक अकरा वर्षं अखंड चालू होती.

खदानीची रचना अशी की तोंडाशी उभं राहिलं तर नुसता उघडा कातळ आणि मधोमध साठलेलं हिरवट पाणी दिसतं. डावीकडे दगडाचा एक खांदा पुढे आला आहे. कोपरा त्याच्या मागे दडलेला. नाना सकाळी पिशवी घेऊन त्या खांद्यामागे जायचे आणि दोन तासांनी रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. यातच सगळा घोळ. माणूस भरलेली पिशवी घेऊन बाहेर आला तर चोर म्हणता येतं. रिकामी घेऊन येणाऱ्याला काय म्हणायचं?

“सोनं सापडनं व्हई त्यासले,” असं भिकन म्हणायचा. भिकनच्या चाळीस बकऱ्या. त्याच्या बकऱ्या खदानीच्या बाकीच्या भागात फिरून उगवलेलं सगळं फस्त करायच्या, त्यामुळे तो स्वतःला खदानीचा अर्धा मालक समजायचा.

“सोनं सापडल्यावर माणूस आत काय नेईल? बाहेर आणेल ना?” रुपचंदभाऊंनी सरपंचाला शोभेल असा मुद्दा मांडला.

“मातीम्हा पुरी ऱ्हायना व्हई मग,” भिकन म्हणाला.

त्यातच यावलच्या बाजूने येणाऱ्या एसटीतून नानांच्या गोण्या उतरायला लागल्या. जड, ओल्या, विचित्र वासाच्या. भिकनने एकदा पारावर ठेवलेल्या गोणीत हळूच हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. आत काहीतरी मऊ, गार आणि गिळगिळीत होतं. नानांनी गोणी खांद्यावर घेतली.

“काय शे नाना त्याम्हा?”

“तुन्हं काय जास? बकऱ्या आवर तुन्ह्या.”

गोणीत जीवरामभाऊंच्या बागेतले केळीचे कुजलेले बुंधे होते. हे आता कळलं. तेव्हा गावाने चार दिवस झोपेत मगर पाहिली.

आता सगळं उघड झालं आहे म्हणून सांगतो, नाना तिथे काय करत होते ते. कातळ कुठे तडकला आहे आणि कुठे नाही, हे त्या खदानीत एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण तो तडा त्यानेच पाडला होता. कोणता सुरुंग किती खोल होता, त्याने दगड उभा फोडला की आडवा, हे सगळं नानांच्या डोक्यात. अंजनाचं बी असतं हट्टी. रोप पहिली तीन-चार वर्षं वर येतच नाही. वर दोन पानांची एक काडी, तीही उन्हाळ्यात वाळून जाते आणि आपल्याला वाटतं मेलं. पण खाली मूळ कातळाच्या फटीतून पाणी शोधत उतरत असतं. तर नाना काठावरच्या जुन्या अंजनाच्या वाऱ्यावर उडणाऱ्या शेंगा गोळा करायचे, अर्धवट राहिलेल्या जुन्या भोकांत चाळलेली माती आणि कुजलेली केळ भरायचे, वर बी ठेवायचे आणि लाकडी दांडक्याने हलक्या हाताने दाबायचे. लाकडीच. ठिणगी उडू नये म्हणून लोखंड भोकात घालायचं नाही, ही सवय मोडली नव्हती. अंजनासोबत खैर, पळस, बोर. उतारावरून माती वाहू नये म्हणून दगडांच्या आडव्या ओळी आणि ओळींच्या मागे पवना, मारवेल, रोशा अशा गवतांचं बी. म्हणजे टेकडीवर पूर्वी जे होतं तेच, बाहेरचं काही नाही. याच्या उलट पंचायत दर जुलैत खदानीच्या तोंडाशी गुलमोहर लावायची. खड्डे तेच, फोटो नवीन. पुढच्या जुलैपर्यंत खड्डे भिकनच्या बकऱ्या मोकळे करून ठेवायच्या, त्यामुळे पंचायतीचे खोदायचे कष्ट वाचायचे.

नानांनीही पहिल्या वर्षी पुढच्या भागात बी पेरलं होतं. बकऱ्यांनी आठ दिवसांत निकाल लावला. लाल फडक्यामागे मात्र बकरी जात नव्हती, कारण भिकन जाऊ देत नव्हता. बकरीला सुरुंगाचं काही नसतं, पण मालकाला बकरीचं असतं.

असं चाललं होतं. आणि गेल्या कार्तिकात बातमी आली, की शेजारच्या शहराचा कचरा आमच्या खदानीत टाकायचा ठरतो आहे. बदल्यात गावाला सिमेंटचा रस्ता. रुपचंदभाऊ दोन दिवस नवीन टोपी घालून फिरले. फक्त एक साहेब येऊन जागा बघून जाणार होते. जागा पडीक आहे, तिच्यावर काही उगवत नाही, असा त्यांचा शेरा पडला की पुढच्या महिन्यात डंपर सुरू.

नानांनी ही बातमी उजव्या कानाने ऐकली, डाव्या कानाने पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला आणि घरी गेले. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाकरी मोजल्या नाहीत. सुंदरबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. सुंदरबाई न बोलण्यात पटाईत. नवरा अर्धा बहिरा असला की बाईला शब्द वाया घालवायची सवय राहत नाही.

साहेब आले ते सकाळी दहाला. पाठीवर बॅग, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. अर्धं गाव खदानीच्या तोंडाशी जमलं. समोर उघडा कातळ, हिरवं पाणी आणि गुलमोहराचे रिकामे खड्डे. साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला पेन उघडलं.

“साहेब,” नाना पुढे झाले, “आत येऊन बघा. त्या खांद्यामागे.”

“नको नको!” रुपचंदभाऊंनी साहेबांचा दंडच धरला. “तिकडे जिवंत सुरुंग आहे. अकरा वर्षांपासून.”

साहेब दोन पावलं मागे सरकले. मग त्यांचा चेहरा कामाचा झाला. “हे तर आधी कळवायला हवं होतं. असं कसं ठेवलं तुम्ही? मी आजच लिहितो. पथक येईल, मशीन लावून सगळा कोपरा खोदून काढेल. दहा फूट खाली जावं लागलं तरी चालेल. मगच कचऱ्याचं बघू.”

ज्या फडक्याने अकरा वर्षं कोपरा राखला, तेच फडकं आता तिथे मशीन आणणार होतं. नाना अडकले. गप्प राहिले तर कोपरा मुळासकट उपटला जाणार. बोलले तर तीस वर्षांचा आकडा जाणार. नानांकडे दुसरं होतं काय? शेती नाही, पद नाही, पेन्शन नाही. गावात त्यांना बसायला जागा करून देतात ती त्या आकड्यासाठी.

“साहेब, मशीन नका बोलावू,” नाना म्हणाले. “तठे काही नही.”

“म्हणजे?”

“बारा भरात, बारा वाजनात. मी खोटं बोलनू.” आणि मग सगळ्या गावाकडे वळून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, “बारा वाजनात! बठ्ठा वाजनात! तो अंजन वाचाडाना व्हता माले.”

आता इथे गावाने थक्क व्हायला पाहिजे होतं. झालं उलटंच. गाव जास्तच घाबरलं.

“नाना, काबर असं करी ऱ्हायनात?” भिकन रडवेला झाला. “साहेबले मारशात का?”

“अरे, काही नही तठे!”

“आते म्हणतस काही नही. अकरा वरीस म्हणेत शे शे शे!”

रुपचंदभाऊंनी तर सगळा डाव ओळखला. “साहेब, याला कचरा नकोय. म्हणून तुम्हाला आत नेतोय. तुम्ही आत गेलात आणि काही झालं, की संपला प्रकल्प. पेरलंय याने तिथे काहीतरी. पहिल्या वर्षी इथे पुढे करायचा तेव्हा आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, भोकात घालतो आणि दांडक्याने ठासतो.”

“बी पेरतो मी!”

“बी कधी ठासतात का नाना?”

बिनतोड प्रश्न होता. नाना स्वतः आत जायला निघाले, तर लोक ओरडले, “त्यासले माहीत शे कोठे पाय ठेवाना!” म्हणजे नाना जिवंत बाहेर आले तरी काही सिद्ध होणार नव्हतं. तीस वर्षं खरं बोललेल्या माणसाचं एक खोटं गावाने अकरा वर्षं खरं मानलं आणि आता तो खरं बोलत होता तर एक माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. नाना मटकन दगडावर बसले. हाताची बोटं उगाच उघडझाप करत राहिले.

तेवढ्यात मागून गर्दी हलली. सुंदरबाई आल्या होत्या. हातात विळा, कमरेला पदर खोचलेला, खांद्यावर दोरी.

“बारा वाजनात,” त्या म्हणाल्या.

“अक्का, तुमले काय माहीत?” रुपचंदभाऊंनी विचारलं.

“जाताना मले सांगी जायेत, आज इतला शे. मी घरमा बसी मोजू. शेवटला वाजना का तवावर भाकर टाकू, म्हणजे यासले गरम भेटी. तीस वरीस.” सुंदरबाई नानांकडे बघत होत्या, गावाकडे नाही. “त्या दिन बारावाले मी भाकर टाकी. या घर उनात घंटाभर उशिरा. भाकर थंडी व्हयनी. आनि एक अक्षर न बोलता खाई लिधी. तव्हयच समजनं मले, काही तरी खोटं बोली उनात.”

आणि त्या चालायला लागल्या. सरळ, डावीकडे, लाल फडक्याच्या पलीकडे. अर्ध्या गावाने कानांवर हात ठेवले. कोणीतरी साहेबांच्याही कानांवर ठेवले, कारण साहेबांचे हात वहीत अडकले होते. सुंदरबाई खांद्यामागे दिसेनाशा झाल्या.

काही वाजलं नाही. मग फक्त विळ्याचा आवाज आला, सर्र, सर्र, सर्र. गाव तो आवाज मोजत होतं, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पाव तासाने सुंदरबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाहेर आल्या. सोनेरी, कमरेएवढं लांब गवत, आणि त्यातल्या रोशाचा गोड वास पुढे-पुढे चालत आलेला. भिकनच्या बकऱ्यांनी एकदम माना वर केल्या.

“चला,” सुंदरबाई साहेबांना म्हणाल्या.

साहेब गेले. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून रुपचंदभाऊ गेले, तेही नेमकं पावलावर पाऊल. आत दोन माणसं उंच अंजनांची गर्दी होती, कातळातून सरळ वर आलेली. खैर होते, पळस होते, बोरीला हिरवी बोरं लागली होती. दगडांच्या ओळींमागे वीतभर काळी माती साठली होती आणि तितरांची एक जोडी तुरुतुरु पळाली. वरच्या काठावरून म्हातारा अंजन हे सगळं बघत उभा होता. साहेबांनी विचारलं, “ही झाडं किती?” नानांनी तत्काळ सांगितलं, “चारशे सतरा अंजन.” साहेबांनी वहीत लिहिताना क्षणभर पेन थांबवलं, नानांकडे संशयाने बघितलं आणि सुंदरबाईंना विचारलं, “ताई, खरं का?”

सुंदरबाई म्हणाल्या, “मी आजून नही मोजेल. पन आते मोजसू.”

शेरा ‘पडीक’ असा पडला नाही. ‘पुनर्वनस्पती आच्छादन आढळले’ असा काहीतरी पडला. कचऱ्याला दुसरा खड्डा मिळाला. रुपचंदभाऊंचा रस्ता राहिला. ते आता त्या कोपऱ्यात पाहुण्यांना घेऊन जातात आणि ‘आम्ही केलं’ म्हणतात. नाना मागे उभे राहून ‘आम्ही’ किती वेळा आलं ते मोजतात.

नानांना एक धास्ती मात्र राहिली. फडकं आता खोटं ठरलं, म्हणजे भिकनच्या चाळीस बकऱ्या आणि चारशे सतरा अंजन यांच्यामध्ये काहीच उरलं नाही. नाना दुसऱ्या दिवशी पहाटेच दांडकं घेऊन जाऊन बसले. भिकन बकऱ्या घेऊन आला. फडक्यापर्यंत आला आणि थांबला.

“काय रे, जास नही का आत?”

“नही बा.”

“आते तर माहीत शे ना, बठ्ठा वाजनात?”

भिकनने नानांना खालून वर नीट न्याहाळलं. “नाना, तुमी एकदाव खोटं बोलनात. आते तुमन्हा बाराना काय भरोसा? अक्काबी तुमन्हीच बायको. दोन्ही मिळेल व्हतीन.” आणि त्याने बकऱ्या वळवल्या.

नानांचा आकडा गेला तो गेलाच. त्यांना आता पारावर कोणी जागा करून देत नाही, जागा असली तर बसतात. पण फडक्यामागे अजूनही बकरी जात नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दोघं जेवत होते. सुंदरबाई तव्यावरून गरम भाकर नानांच्या ताटात टाकत होत्या. नानांनी घास हातात धरला, बायकोकडे तिरप्या डोळ्याने बघितलं.

“आखो काय काय मोजेल शे तू, इतला वरीस?”

“जेवा,” सुंदरबाई म्हणाल्या, “थंडी व्हई जाई.”